चांदी वरची की आतली? घरातल्या वस्तूंचा कस कसा ओळखावा

आजीच्या ट्रंकेतून, देवघरातून आणि लग्नातल्या आहेराच्या खोक्यांतून निघालेल्या सगळ्या पांढऱ्या वस्तू एका जुन्या चादरीवर मांडा. मांडायच्या त्या खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली स्टीलसुद्धा चांदीसारखे दिसते. अजून काहीही घासू नका. चिंच, राख, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर सगळे लांब ठेवा. काळपटपणा आणि झीज या खुणांवरच पुढचे बरेच काही ठरते, आणि एकदा चकचकीत केल्यावर त्या परत येत नाहीत.

सोबत लागेल ते एवढेच: दहा पट मोठे दाखवणारे भिंग, एक जोरकस लोहचुंबक, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा, शिवणाचा बारीक दोरा, प्लास्टिकचा पेला, पाणी आणि वही. प्रत्येक वस्तूला नंबर द्या आणि वजन लिहून ठेवा. सराफ कट्ट्यावर जाताना ही वही फार उपयोगी पडते.

आधी नावांचा घोळ मिटवू. आपल्याकडे खेड्यापाड्यांत ॲल्युमिनियमच्या भांड्यांना ‘जर्मन’ किंवा ‘जर्मल’ म्हणतात. ‘जर्मन सिल्व्हर’ ही वेगळीच गोष्ट. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण. त्यात चांदीचा कणही नसतो. लग्नात परतभेट म्हणून मिळणाऱ्या वाट्या, करंडे आणि हळदीकुंकवाच्या कोयऱ्या बहुतेक वेळा याच्याच असतात, कधी वरून चांदीचा पातळ मुलामा दिलेल्या. ‘व्हाइट मेटल’ आणि ‘ऑक्सिडाइज्ड’ हे शब्दही चांदीची हमी देत नाहीत.

शिक्के वाचताना

भिंग घेऊन वाटीचा तळ, ताम्हणाच्या काठाची मागची बाजू, पैंजणाची कडी, चमच्याची दांडी पाहा. बीआयएसचे, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, ‘सिल्व्हर’ हा शब्द आणि ९९०, ९७०, ९२५, ८३५, ८०० यांपैकी आकडा असेल तर तो हॉलमार्क. आकडा म्हणजे हजार भागांत चांदी किती. ९२५ म्हणजे ९२.५ टक्के. २०२५ मध्ये यात ९५८ आणि ९९९ हे दर्जे आले आणि १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी क्रमांक मिळू लागला. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की वस्तूचा प्रकार आणि शुद्धता दिसते. ॲपमध्ये पैंजण दिसते आणि हातात वाटी आहे, असे झाले तर शिक्का उचललेला आहे. चांदीचे हॉलमार्किंग ही योजना आली तेव्हा ऐच्छिक होते, त्यामुळे जुन्या चांगल्या वस्तूवर शिक्का नसणे हा काही दोष मानू नका. आजोबांच्या काळातल्या घंघाळावर फार तर कारागिराचे किंवा वस्तूच्या मालकाचे नाव टोचलेले सापडेल.

नुसता आकडा आणि दोन इंग्रजी अक्षरे असतील, बीआयएसचे चिन्ह नसेल, तर तो बनवणाऱ्याचा दावा समजा. खरा असू शकतो, पण हमी नाही.

गिरण्यांच्या जमान्यातले साहेबी टी-सेट, काटे-चमचे अजून काही घरांत आहेत. त्यांवर ‘ईपीएनएस’ ही चार इंग्रजी अक्षरे असतील तर जर्मन सिल्व्हरवर विजेने चढवलेला मुलामा. ‘ईपीबीएम’ म्हणजे कथलाच्या मिश्रधातूवरचा मुलामा. विलायती चमच्यावर ‘९०’ किंवा ‘१००’ दिसले तर ९० टक्के समजून हुरळून जाऊ नका. तो आकडा डझनभर चमचे आणि डझनभर काट्यांवर मिळून किती ग्रॅम चांदी चढवली हे सांगतो. उलट चालत्या सिंहाचा छोटा ठसा किंवा ‘स्टर्लिंग’ हा शब्द असेल तर ९२५ ची शक्यता मोठी.

आणखी एक फसवा आकडा. खोक्यावर ‘९९९ सिल्व्हर’ छापलेल्या गणपती-लक्ष्मीच्या मूर्ती. आकडा खोटा नसतो, पण तो फक्त वरच्या कवचाचा. आत रेझिन भरलेले असते. चांदीचे निव्वळ वजन खोक्यावर किंवा पावतीवर वेगळे लिहिले आहे का ते शोधा. मूर्तीचे एकूण वजन धरून हिशेब केला तर तोंडघशी पडाल.

झीज काय सांगते

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. पण मुलाम्याचा वरचा थरही चांदीचाच असतो, म्हणून तोही काळाच पडतो. काळेपणावरून फार तर वरचा थर चांदीचा असावा एवढेच कळते. आत काय आहे ते झिजलेल्या जागी दिसते: चमच्याचा टेबलावर टेकणारा फुगवटा, वाटीची कड, ताटाच्या बुडाची किनार, निरांजनाचा पाया, पैंजणाच्या कड्या. तिथे पिवळसर दिसले तर पितळ, तांबूस दिसले तर तांबे, किंचित पिवळट राखाडी दिसले तर जर्मन सिल्व्हर. हिरवट चिकट मळ कोपऱ्यांत साचलेला असेल तर तांब्याचे प्रमाण बरेच. भरीव चांदी कितीही झिजली तरी आत पांढरीच राहते.

इथे एक खाच आहे. हिणकस चांदी, म्हणजे ज्यात तांबे जास्त आहे ती, घडवल्यावर तापवून सौम्य आम्लात उजळतात. त्यात पृष्ठभागावरचे तांबे निघून जाते आणि वर जवळजवळ शुद्ध चांदीचा पापुद्रा उरतो. त्यामुळे ६० टक्क्यांचे पैंजणही नवे असताना शुभ्र दिसते आणि झिजल्यावर पिवळसर होते. ते मुलाम्याचे नसते, हिणकस असते. मोडीत त्याला भाव मिळतो, फक्त कमी.

चुंबक

चांदीला लोहचुंबक ओढत नाही. पितळ, तांबे, जर्मन सिल्व्हर, ॲल्युमिनियम आणि भांड्यांचे चांगले स्टील यांनाही ओढत नाही. म्हणून चिकटले तर वस्तू बाद, न चिकटले तर काहीच सिद्ध झाले नाही. बाद करण्याआधी चिकटले कुठे ते पाहा: साखळीच्या फाशातली स्प्रिंग, चौरंगावरच्या पत्र्याचे खिळे, समईतला मधला गज हे लोखंडी असू शकतात आणि बाकीची वस्तू चांदीची.

ताट किंवा ताम्हण सपाट आणि जाड असेल तर चुंबकाचा दुसरा उपयोग करा. निओडायमियमचा छोटा चपटा चुंबक घ्या, ताट साधारण ४५ अंशांत तिरपे धरा आणि चुंबक वरून सोडा. चांदीवरून तो मधात बुडाल्यासारखा संथ घसरतो, कारण सरकत्या चुंबकामुळे धातूत वीज निर्माण होऊन ती त्याला मागे धरते. जर्मन सिल्व्हर विजेचे फार मंद वाहक आहे, त्यावरून तो सटकन खाली येतो. तांबे आणि ॲल्युमिनियम मात्र चांदीसारखेच वागतात. तेव्हा ही युक्ती जर्मन सिल्व्हर बाजूला काढण्यापुरती.

बर्फाचा खडा ठेवून ‘किती पटकन वितळतो’ हे पाहण्याची टूम सगळीकडे फिरते. चांदी उष्णता उत्तम वाहते हे खरे, पण तांबे तिच्या पाठोपाठच आहे. चांदीचा मुलामा दिलेले तांब्याचे ताट या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होईल. आवाजाची परीक्षाही तशीच. नाद धातूपेक्षा आकारावर आणि डाखावर, म्हणजे सांध्याच्या जोडावर, जास्त ठरतो.

पाण्यातले वजन: घरातली सर्वांत प्रामाणिक परीक्षा

भरीव वस्तूला हीच करा, आणि वेळ घेऊन करा.

१. वस्तू कोरडी करून वजन घ्या. समजा वाटी ८६.४० ग्रॅम भरली.
२. काट्यावर प्लास्टिकच्या पेल्यात पाणी ठेवा, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, मग काटा शून्य करा.
३. वाटी दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा. ती बुडाला किंवा बाजूला टेकता कामा नये. दोरा हातात धरला की हलतो, म्हणून खुर्चीच्या पाठीवरून किंवा आडव्या पट्टीवरून सोडा.
४. काट्यावर दिसेल तो आकडा म्हणजे वाटीने बाजूला सारलेले पाणी. समजा ८.३४.
५. ८६.४० ला ८.३४ ने भागा: १०.३६.

आता हा आकडा ताडून पाहा. शुद्ध चांदी १०.४९, ९२५ ची चांदी १०.३६, ८०० ची साधारण १०.१, निम्मी चांदी निम्मे तांबे ९.७ च्या आसपास. तांबे ८.९६, जर्मन सिल्व्हर ८.५ ते ८.८, पितळ ८.४ ते ८.७, स्टील ८ च्या आत, कथील ७.३, ॲल्युमिनियम २.७. तीच ८६.४० ग्रॅमची वाटी जर्मन सिल्व्हरची असती तर पाण्यातला आकडा ९.९३ च्या जवळ आला असता आणि भागाकार ८.७.

चुकते कुठे? बहुतेक वेळा बुडबुड्यांत. नक्षीत, गोफात, झाकणाखाली हवा अडकली की बाजूला सारलेले पाणी जास्त दिसते आणि खरी चांदी हिणकस ठरते. लिक्विडचा थेंब त्यासाठीच आहे. शिवाय वस्तू पाण्यात दोन-तीनदा हलवा. वाटी उपडी बुडवू नका. वस्तू बुडाला टेकली तर तिचे वजनही काट्यावर येते आणि आकडा भलताच फुगतो. पंखा बंद ठेवा. सोलापूरच्या उन्हाळ्यात जिवावर येईल, पण वाऱ्याने ०.०१ चा काटा स्थिर राहत नाही. तीनदा मोजा. तिन्ही आकडे जुळले तरच वहीत लिहा.

लहान वस्तूंवर विसंबू नका. १० ग्रॅमचे जोडवे जेमतेम १ ग्रॅम पाणी सारते, काट्याची ०.०२ ची चूक म्हणजे दोन टक्क्यांचा फरक, आणि ९२५ व ८०० यांच्या घनतेत अंतरच तेवढे आहे. एकाच वेळी घडवलेली जोडवी, विरोल्या, मासोळ्या एकत्र बांधून बुडवा. उलट मोठ्या वस्तूला इतका नाजूक काटा लागत नाही. ६०० ग्रॅमचे ताट चांदीचे असेल तर साधारण ५८ ग्रॅम पाणी सारेल, जर्मन सिल्व्हरचे असेल तर ६९. हा फरक एक ग्रॅमचा साधा स्वयंपाकघरातला काटाही दाखवतो. फक्त डबा रुंद हवा.

ही परीक्षा ‘चांदी आहे की नाही’ हे पक्के सांगते, टंच, म्हणजे शंभर भागांत चांदी किती, ते मात्र मोघमच. पोकळ पैंजण, लाख भरलेले तोडे, खडे जडवलेले दागिने, रेझिनच्या मूर्ती यांना ती लागूच होत नाही. तांब्यात शिसे मिसळून चांदीची घनता गाठता येते, पण अशी धातू मऊ असते आणि कागदावर करडी रेघ ओढते.

रुपये, टाक आणि बिदरी

देवघरातल्या डबीत जुने रुपये असतातच. १८३५ ते १९३९ पर्यंतचा इंग्रजी रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि ९१.७ टक्के चांदीचा. १९४० पासून १९४५ पर्यंतच्या रुपयात चांदी निम्मी. १९४७ चा रुपया निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो. दिसायला पांढरा म्हणून चांदीत मोजला जातो. दहा न झिजलेले जुने रुपये एकत्र बुडवले तर सुमारे ११.३ ग्रॅम पाणी सरायला हवे. तुळजापूर-नळदुर्गाकडे नातेसंबंध असलेल्या घरांत निजामाचा हाली सिक्काही निघतो: चारमिनारची छाप, ११.१८ ग्रॅम, ८१.८ टक्के चांदी, अखेरच्या वर्षांत तीही निम्म्यावर आलेली. १९६९ चे गांधी शताब्दीचे १० रुपयांचे नाणे १५ ग्रॅमचे, ८० टक्के चांदीचे.

नाणी वितळवण्याआधी सालवार लावा. १९११ च्या रुपयावर राजाच्या अंगरख्यातला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि तो मागे घेतला गेला. १९३९ चा रुपया तर दुर्मिळच, आणि म्हणून त्याची नक्कलही बक्कळ. अशा नाण्याला संग्राहक चांदीपेक्षा जास्त देतात, पण घासलेल्या नाण्याला देत नाहीत.

देवांचे टाक अनेकदा पुढून चांदीचा पातळ पत्रा आणि मागून तांबे असे असतात. इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी, म्हणजे करडगी, तपासायची तर रिकामी करून तपासा. चांदीचा पाट किंवा चौरंग म्हणजे लाकडावर पत्रा. पत्रा ०.१ मिलिमीटर जाड आणि वरचा भाग ४० बाय ४० सेंटिमीटर असेल तर त्यात चांदी साधारण १६५ ग्रॅम. अख्खा चौरंग पाच किलो भरला तरी बाकीचे लाकूड.

मुलाम्याचा हिशेबही असाच मांडता येतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या ताटाच्या दोन्ही बाजू मिळून १,४१४ चौरस सेंटिमीटर. एक मायक्रॉन मुलामा असेल तर चांदी दीड ग्रॅमच्या आत. ती सोडवायचा खर्च त्याहून जास्त, म्हणून मोडीत अशा वस्तूला आतल्या धातूचाच भाव मिळतो.

काळ्या धातूवर चांदीची वेलबुट्टी असलेली फुलदाणी किंवा पानाचा डबा घरात असेल तर ती बिदरी. बिदर सोलापूरला जवळ, त्यामुळे इकडच्या घरांत ती बरीच. मूळ धातू जस्त आणि थोडे तांबे. चांदी फक्त कोरीव रेषांत ठोकलेली. चांदीच्या वजनात तिला किंमत नाही, कारागिरीत आहे. मोडीत घालणे हा शुद्ध करंटेपणा.

घरी न करायचे प्रयोग

तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, घरी आणू नका. ते कातडी पिवळी करून जाळते, त्याचा तांबूस धूर फुप्फुसाला घातक, आणि वस्तूवर कायमचा डाग पडतो. ब्लीचचा थेंब टाकून काळे होते का पाहणेही टाळा. काळे होते, पण मुलाम्याचेही होते.

सराफ तेच तेजाब वापरतो, पण आधी कानशीने बारीक खाच पाडून. खाच महत्त्वाची: त्याशिवाय परीक्षा वरच्या पापुद्र्याची होते. हिरवा फेस आला तर खाली तांबे, पितळ किंवा जर्मन सिल्व्हर. चांदीवर करडा-पांढरा डाग येतो. तो थेंब मिठाच्या पाण्यात मिसळला की दह्यासारखा पांढरा साका बसतो. साका बसला आणि थोडी हिरवटही छटा आली तर घाबरू नका, ८०० च्या चांदीत पाचवा हिस्सा तांबेच असते.

कट्ट्यावर जाताना

आधी एक्स-रे मशीनवर टंच काढून घ्या. हे मशीन पृष्ठभागाखाली काही मायक्रॉनच पाहते, म्हणून खाच पाडलेल्या जागी आणि किमान तीन ठिकाणी मोजायला सांगा: अंग, कान किंवा दांडी, आणि डाखाचा सांधा. डाखात चांदी कमी असते; कथलाने केलेली जुनी दुरुस्ती असेल तर तिथला आकडा पार कोसळतो. पक्का निकाल हवा असेल तर वस्तूतून नमुना काढून रासायनिक पद्धतीने तपासावे लागते. हॉलमार्किंग केंद्रात चांदीची तपासणी होते का, हे आधी फोन करून विचारा. काही केंद्रे फक्त सोन्याची असतात.

मोडीचा हिशेब सोपा. वजन गुणिले टंच म्हणजे निव्वळ चांदी. २५० ग्रॅमचा तांब्या, टंच ८०, म्हणजे २०० ग्रॅम. आकडा सोपा जावा म्हणून किलोला १ लाख धरला तर २०,००० रुपये. प्रत्यक्षात त्या दिवशीचा दर लावा. त्यातून गाळणीची घट वजा होते. घट टक्क्यांत किती, आणि ती वजनावर धरली की पैशांवर, हे आधी ठरवा. घडणावळ परत मिळत नाही. जुन्या पावतीवर मोडीचा परतीचा टक्का लिहिलेला असेल तर त्याच दुकानात जाणे बहुधा फायद्याचे.

जुन्या याद्यांत ‘५० भारांचे पैंजण’ असे लिहिलेले असते. भार म्हणजे रुपयाभार, ११.६६ ग्रॅम; ५० भार म्हणजे ५८३ ग्रॅम. आजच्या बाजारातला १० ग्रॅमचा तोळा लावला तर ५०० होतात. ८३ ग्रॅम नुसत्या शब्दात जातात, तेव्हा बोलणी ग्रॅममध्येच करा.

वस्तू गाळायला दिली तर समोर उभे राहा. गाळण्याआधी लाख, खडे, लोखंडी फासे काढून पुन्हा वजन करायला सांगा. गाळल्यानंतरच्या लगडीचे वजन आणि तिचा नवा टंच दोन्ही चिठ्ठीवर लिहून घ्या; गाळल्यावर वरचा-आतला भेद संपतो आणि हा टंच आधीच्या मशीनच्या आकड्यापेक्षा दोन-चार टक्के खाली येऊ शकतो. त्याहून जास्त फरक पडला तर पैसे ठरवण्याआधी लगड दुसऱ्या ठिकाणी तपासून आणण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि ती चिठ्ठी त्यासाठीच हातात हवी.